अभ्यासचित्र आणि सहाध्यायी

मन वाऱ्याप्रमाणे चंचल आहे, ते आवरावे कसे, हा अर्जुनाचा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. सहाव्या अध्यायात भगवंत ही अडचण नाकारीत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने मात्र एकत्रच सांगतात. सामान्यतः आपण या दोहोंना निरनिराळ्या वाटा समजतो. अभ्यास हा विद्यार्थ्याचा आणि वैराग्य हे संन्याशाचे, अशी वाटणी करून गृहस्थ दोहोंतून मोकळा होतो! परंतु कोणतीही विद्या मनापासून शिकणाऱ्यास लवकरच अनुभव येतो की, वैराग्यावाचून अभ्यास पुढे सरकत नाही. चित्रकलेसारख्या लौकिक विद्येत तर हे अगदी डोळ्यांस दिसते.

रायपूर आणि दुर्ग यांच्यामधील लोहमार्गावर कुम्हारी हे गाव आहे. याच प्रदेशात खैरागड येथे १९५६ साली स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात संगीताबरोबर चित्रकलाही शिकविली जाते. समजा, कुम्हारीतील एखाद्या घरची मुलगी चित्रकला शिकत आहे आणि समोर मातीचा माठ ठेवून त्याचे अभ्यासचित्र काढीत आहे. माठाचे तोंड गोल आहे हे तिला ठाऊक आहे. म्हणून तिचा हात ते जवळजवळ पूर्ण गोल काढतो. माठ जमिनीवर सपाट टेकला आहे हेही तिला ठाऊक आहे. म्हणून ती बुडाची रेघ सरळ ओढते. वास्तविक डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या माठाचे तोंड लंबवर्तुळ दिसते आणि बुडाची रेषाही वाकलेलीच दिसते. तेव्हा हात चुकला असे म्हणण्यापेक्षा, जे दिसते त्याच्या जागी मनाने आपले आधीचे मत बसविले, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

हा दोष तिला स्वतःला दिसत नाही. तासभर त्याच रेषांकडे पाहून तिची दृष्टी त्यांना सरावलेली असते. शेजारी बसलेली सहाध्यायिनी मात्र एका क्षणात म्हणते, “माठ पुढे कलंडल्यासारखा दिसतो.” तिची बुद्धी अधिक आहे असे नव्हे, तिचे मन त्या रेषांत गुंतलेले नाही, एवढेच. गुरूचा अधिकार मोठा खरा, पण गुरू ज्या चुकांतून फार पूर्वी बाहेर पडले, त्यांच्याशी सहाध्यायी आजच झगडत असतो. कालच आपल्या कागदावर सापडलेली चूक तो आज दुसऱ्याच्या कागदावर सहज ओळखतो. दहाव्या अध्यायात भक्त परस्परांस बोध करीत संतोष पावतात, असे वर्णन आहे. हा परस्परबोध ज्या वर्गात असेल तेथे प्रत्येक जण शिष्यही असतो आणि काही अंशी गुरूही.

येथे एक शंका निघते. निंदा आणि स्तुती ज्याला समान, तो भक्त भगवंतास प्रिय, असे बाराव्या अध्यायात सांगितले आहे. मग दुसऱ्याने दाखविलेल्या दोषाकडे लक्ष तरी का द्यावे? ‘मला सर्व सारखेच’ असे म्हणून पुढे का जाऊ नये?

या शंकेचे उत्तर सूक्ष्म आहे. निंदा आणि स्तुती या व्यक्तीला चिकटतात. दोषदर्शन कर्माला लागू होते. ‘माठ कलंडला आहे’ हे वाक्य माठाच्या चित्राविषयी आहे. ते ऐकून जिच्या मनात ‘मला नावे ठेवली’ असा दाह उठतो, तिने कर्माविषयीचे वचन स्वतःवर ओढून घेतले. जी ऐकून न ऐकल्यासारखे करते, तिनेही अहंकाराचेच रक्षण केले; मात्र त्यास समत्वाचे नाव दिले. खरे समत्व ते, की ज्यामुळे मनुष्य क्षुब्ध न होता माठाकडे पुन्हा पाहू शकतो. पेन्सिल हात ताठ करून डोळ्यांसमोर धरावी, तोंडाची रुंदी आणि उंची मोजावी. सहाध्यायिनीचे म्हणणे खरे ठरले तर रेषा बदलावी, खोटे ठरले तर राहू द्यावी. निर्णय माठ देईल; मान आणि अपमान यांना त्यात जागा नाही.

बोलणाऱ्याचाही धर्म आहे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे चारही गुण एकत्र मागितले आहेत. ‘छान आहे’ म्हणून सुटका करून घेणे प्रिय असेल, पण हितकर नव्हे. ‘तुला काही जमायचे नाही’ हे सत्यही नव्हे आणि हितकरही नव्हे. कोणती रेषा, कोठे, किती चुकली हे सांगणारे वचनच या कसोटीस उतरते.

केवळ अभ्यास पुरेसा आहे असेही कोणी समजू नये. अभ्यासापेक्षा ज्ञान श्रेष्ठ, असे गीताच सांगते. सरळ बुडाचा माठ शंभर वेळा काढला तर ती चूकच हातात पक्की बसते. सहाध्यायाचे वचन त्या आवृत्तीत ज्ञानाचा प्रवेश करून देते.

आणि या सर्व कागदांचे शेवटी काय होते? बहुतेक रद्दीत जातात. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८८५ मधील आगीत त्यांपैकी पुष्कळ जळून गेल्या. फळ हीच जर श्रमाची एकमेव किंमत असेल, तर ते श्रम व्यर्थ म्हणावे लागतील. परंतु त्या लेण्यांच्या अंधुक प्रकाशात वर्षानुवर्षे रेषेमागून रेषा न्याहाळणाऱ्या डोळ्यांना जे वळण लागले, ते कोणत्या आगीत जळणार? या मार्गात आरंभिलेल्याचा नाश होत नाही, हे दुसऱ्या अध्यायातील आश्वासन योगाविषयीचे आहे. पण त्याची लहानशी सावली येथेही पडलेली दिसते.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १८६७ साली सावंतवाडीजवळ कोलगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले, हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रकार म्हणून व्यवसाय केला, आणि पुढे औंध येथे स्वाध्याय मंडळ स्थापून वेदांच्या सेवेस वाहून घेतले. १९४८ साली ते गुजरातेतील पारडीस गेले. गीतेवरील त्यांची ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका प्रसिद्ध आहे. १९६८ साली, वयाची शंभर वर्षे ओलांडून, त्यांनी देह ठेवला. कुंचला खाली ठेवला तरी कुंचल्याने लावलेली एकाग्रतेची सवय खाली ठेवावी लागत नाही, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

आपण गृहस्थ चित्रकार नसलो तरी प्रत्येकाचे घर हा एक वर्गच आहे. पती, पत्नी, भावंडे, सून, मुले हे आपले सहाध्यायी. आणि आपले रोजचे वागणे हे आपले अभ्यासचित्र. आपल्या रेषा आपल्याला सरळ दिसतात. त्या कोठे वाकल्या हे शेजारी बसलेल्यास दिसते. सर्वच कर्मे, अग्नी धुराने वेढलेला असावा तशी, दोषाने वेढलेली असतात, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सोडू नये, असे अठरावा अध्याय बजावतो. दोष दिसला म्हणून कागद फाडू नये, आणि कागद आपला म्हणून दोष झाकूही नये. आज घरातील कोणी, मग ते धाकटे मूल का असेना, आपल्या वागण्यातील एखादी रेषा वाकडी झाल्याचे सांगेल. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एकवार समोरच्या माठाकडे पाहण्याचे धैर्य भगवान् श्रीकृष्ण आपणां सर्वांस देवोत.