एक खूण पुरेशी नाही

माणूस सचोटीचा आहे, हे कशावरून ठरवावे? कुणी त्याच्या वक्तशीरपणावरून ठरवतो, कुणी देणगीच्या पावतीवरून, तर कुणी रविवारच्या उपस्थितीवरून. एक गोष्ट जुळली की आपण निश्चिंत होतो. हा निष्कर्ष कितपत विश्वसनीय आहे, याचे उत्तर मुद्रणव्यवसायातील एका लहानशा खुणेत सापडते.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफसेट यंत्रावर रंगीत दिनदर्शिका छापावयाची झाल्यास मूळ चित्राचे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांत विभाजन केले जाते. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. यंत्र एकरंगी असेल, तर तोच कागद चार वेळा यंत्रातून जातो. चारही ठसे नेमके एकावर एक बसले आहेत की नाही, हे कळावे म्हणून प्रत्येक प्लेटवर वर्तुळातील फुलीसारख्या, केसाएवढ्या बारीक रेषांच्या खुणा असतात. त्यांना रजिस्टर मार्क म्हणतात. कापणीच्या रेषेबाहेर साधारण 3 मिलिमीटर रंग वाढवून ठेवतात. खुणा त्याच्याही पलीकडे असतात. इंचाला 150 ओळींच्या जाळीत शेजारच्या दोन बिंदूंच्या केंद्रांतील अंतर सुमारे 0.17 मिलिमीटर असते. त्यामुळे केसभर चूकही चेहरा पुसट करते.

ही युक्ती आजची नव्हे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला छापखाना शिळाछापाचा होता. तेथेही प्रत्येक रंगाची शिळा वेगळी असे. महाराष्ट्रातील घराघरांत गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांचा डौल त्या शिळांच्या अचूक जुळणीवर अवलंबून होता.

या खुणांचा पहिला नियम असा, की त्या चित्राबरोबरच, एकाच मूळ आराखड्यातून उमटल्या पाहिजेत. प्रत्येक प्लेटवर मागाहून स्वतंत्रपणे काढलेल्या खुणा एकमेकींशी जुळतील, पण चित्र जुळल्याची ग्वाही देणार नाहीत. काम खुणेप्रमाणे सरकवायचे असते, खूण कामाच्या सोयीने नव्हे.

दुसरा नियम अधिक विचार करावयास लावणारा आहे. एक खूण कधीच पुरेशी नसते. एका फुलीवर फुली तंतोतंत बसली, तरी त्या बिंदूभोवती चित्र किंचित फिरलेले असू शकते. तो तिरपेपणा पकडण्यासाठी दुसरी खूण हवी, आणि तीही शक्य तितकी दूर. कागद ताणला गेला आहे का, हे पाहण्यासाठी चारही बाजू तपासाव्या लागतात. ऑफसेटमध्ये पाणी वापरले जाते, म्हणून कागद ओलावा घेतो आणि प्रसरण पावतो. यंत्राच्या पकडीजवळ तो बहुधा जागेवर राहतो. शेपटाकडील मोकळ्या कोपऱ्यांत मात्र पसरतो. म्हणजे पकडीजवळच्या खुणा जुळलेल्या दिसतात आणि दूरच्या खुणा सत्य सांगतात.

आपलेही असेच नाही का? जेथे समाजाची पकड घट्ट असते, तेथे आपण रेषेवर असतो. चर्चच्या समितीत हिशेब चोख ठेवणारा गृहस्थ घरकाम करणाऱ्या बाईचा पगार महिनाअखेरीस कापतो. बाहेर मृदू बोलणारा माणूस घरी म्हाताऱ्या आईवर खेकसतो. त्याची पहिली खूण खोटी नसते; ती एकटी असते, एवढेच. म्हणून स्वतःला पारखताना जेथे आपल्याला कुणी धरलेले नाही, त्या कोपऱ्याकडे आधी पाहावे.

कधीकधी ताणलेल्या कागदावर चारही खुणा जुळतच नाहीत. मग जाणता कारागीर चूक लपवीत नाही. चेहरा सांभाळून ती कमीत कमी हानी होईल अशा जागी नेतो. तेही शक्य नसेल तर कागद बाजूला काढतो. निर्दोष असणे आपल्या हाती नसेल. आपल्या उणिवेचा भार दुर्बळाच्या वाट्याला जाऊ न देणे मात्र आपल्या हाती आहे.

शेवटी कापणीचे पाते फिरते आणि खुणा रद्दीत जातात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या कुणाला दिसत नाहीत. दिसतो तो फक्त स्वच्छ, स्पष्ट चेहरा.