पडदा न बघता ‘नॉर्मल’?

हा केसपेपर कोणी भरला? ‘पडदा : नॉर्मल’. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्याची नोंद नाही, फोटो नाही, मग हे ‘नॉर्मल’ आलं कुठून? न बघता लिहिलेलं ‘नॉर्मल’ म्हणजे खोटी नोंद. माझ्या ओपीडीत असल्या पाट्या टाकलेल्या चालणार नाहीत.

72 वर्षांच्या बाई सांगतात, दाराची चौकट वाकडी दिसते. आणि तुम्ही लिहिता मोतीबिंदू! अरे, मोतीबिंदूत धूसर दिसतं. सरळ रेषेला बाक आला की आधी मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, संशय घ्यायचा. एकेक डोळा झाकून ॲम्सलरचा चौकटींचा तक्ता पुढे धरायला कितीसा वेळ लागतो? त्यांना आत्ताच्या आत्ता फोन करून बोलवा. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून गळत असतील तर इंजेक्शन आहे, पण एकदा वण धरला की गेलेली नजर परत आणता येत नाही.

खरं तर तक्रार घेऊन येईपर्यंत उशीरच झालेला असतो. वयोमानाने होणारा मॅक्युलाचा हा आजार सुरुवातीला काहीच कळू देत नाही. एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा झाकून नेतो. फोटोत मात्र तेव्हाही पिवळट ठिपके, ड्रुसन, दिसत असतात. ऑप्टिक डिस्कच्या कडेशी शिरेची जाडी साधारण 125 मायक्रॉन. ठिपका त्याहून मोठा असेल तर आजार मधल्या टप्प्यात गेला. या टप्प्यात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या गोळ्यांनी पाच वर्षांत आजार बळावण्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, हे 2001 मध्ये एआरईडीएस या अभ्यासाने दाखवलं. टप्पाच ओळखला नाही तर गोळ्या देणार कोणाला?

आणि ओसीटी! जाडीचा नकाशा हिरवा दिसला की तुम्ही पुढचा पेशंट बोलावता. नकाशा हिरवा असूनही खाली ड्रुसन असू शकतात. एकेक काप उघडून बघायचा. पडद्याचे थर काही मायक्रॉनपर्यंत दाखवणारं यंत्र हाताशी असताना नुसता रंग बघून हात झटकता, याचा मला संताप येतो.

आजपासून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो काढायचे. विडी-सिगारेट विचारायची, घरात कोणाची नजर अशी गेली का तेही. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर आला तर ‘पडदा दिसला नाही’ असंच लिहायचं, आणि ऑपरेशननंतर पुन्हा काढायचा.