दोष कोणाचा?

नेहमीच्या पॅप चाचणीत माझ्या गर्भाशयमुखाच्या काही पेशी बदललेल्या आढळल्या. त्रास कसलाच नव्हता. उपचाराविना काही वर्षांनी कर्करोग होऊ शकेल अशी ती अवस्था. डॉक्टरांनी तेवढा भाग विजेच्या तारेच्या वेटोळ्याने काढला व त्याच दिवशी मी घरी परतले. परंतु यामागचा एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळताच मनात न्यायालय भरले: दोष पतीचा की माझा? वास्तविक हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधीतरी गाठतो आणि वर्षानुवर्षे देहात मूक राहू शकतो. त्यावरून कोणाच्या निष्ठेचा निवाडा करणे हा अन्यायच होय. त्या निवाड्याच्या भयाने भगिनी तपासणीच टाळतात. पतीने एवढेच विचारले, "पुढची तपासणी कधी?" मनातले न्यायालय तेथेच उठले.