मुदत संपलेलं कर्ज

डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला झोप येत नाही, असं आपली वाडवडील मंडळी सांगत आली. बँकेच्या काउंटरमागे २० वर्षं काढल्यावर मी खात्रीनं सांगतो, की ऋणको उत्तम झोपतो. दुसरी नोटीस गेली तर कूस बदलतो, एवढंच. जागा राहतो तो शाखाधिकारी. या नियमाला मला आजवर एकच अपवाद सापडला, आणि तो निघाला आमच्याच घरात. माझे अकोल्याचे मामा ४० रुपयांपायी ५० वर्षं जागे होते.

हे उघडकीला आलं २०२४ च्या डिसेंबरात. मामा १९७४ चे बी.एस्सी., अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे. त्या बॅचच्या हयात मंडळींनी ५० वर्षांनी एक शनिवार-रविवार अमरावतीत जमायचं ठरवलं. मामांचं वय ७२, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत उभा. त्यांना गाडीनं नेण्याचं काम माझ्याकडे आलं. चौथा शनिवार पडल्यामुळे मला बँकेचं निमित्तही सांगता येईना.

अकोला-अमरावती हा रस्ता आता साधासुधा राहिलेला नाही. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. म्हणजे वऱ्हाडानं कतारला मागं टाकलं! हे मी छाती फुगवून सांगत होतो. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाच दिवसांत ७५ किलोमीटर. अन् मले दर्यापूरले जाणं ५० वर्षांत झालं नाही."

दर्यापूर अकोल्याहून काही काशी-रामेश्वर नव्हे. मी गाडी मूर्तिजापूरला चहासाठी थांबवली, आणि तिथं टपरीच्या बाकावर मामांनी खातं उघडलं.

१९७४ साल. १९७२ च्या दुष्काळाचे चटके ताजे होते. मामांची घरून येणारी मनीऑर्डर लांबली आणि परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली. खोलीत दर्यापूरकडचा एक पार्टनर होता. त्याच्या घरची शेती खारपाणपट्ट्यातली, म्हणजे विहिरीला पाणी लागलं तरी पिकाला उपयोग नाही अशी. त्यानं स्वतःच्या फॉर्मचे ४० रुपये मामांना काढून दिले. शेवटच्या तारखेच्या आत परत करायचे, असं ठरलं.

"मग मनीऑर्डर आलीच नाही?" मी विचारलं.

"त्याले मी हेच सांगितलं," मामा म्हणाले. "आली होती. दोन दिवस आधी आली होती."

त्या पैशाचं मामांनी बेलबॉटम शिवलं. चुलतभावाचं लग्न होतं. दोन दिवसांत कुठूनतरी ४० रुपये उभे करू, असा हिशेब होता. असे हिशेब आमच्या बँकेत रोज येतात, त्यांना प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात. तारीख निघून गेली, पार्टनरचा फॉर्म राहिला, वर्ष गेलं. वडिलांनी त्याला शेतीवर बोलावून घेतलं. पुढच्या साली त्यानं नांगर बाजूला ठेवून परीक्षा दिली, पास झाला आणि परत नांगराशी गेला. मामा शिक्षक झाले, पेन्शनीत निघाले. बेलबॉटमची फॅशन केव्हाच गेली.

मामांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. "तू बँकेतला माणूस. व्याज किती लावायचं?"

मी सरळव्याजानं ८ टक्के धरून २०० सांगितले. मामांना राग आला. "चक्रवाढ लाव!" आयुष्यात चक्रवाढीचा आग्रह धरणारा ऋणको मी प्रथमच पाहिला. आकडा आला १,८७६. मामांनी तो १,९०१ केला आणि पाकीट बंद केलं.

आता कायद्यानं बघाल तर यातला एक पैसाही कोर्टात वसूल होण्यासारखा नव्हता. १९६३ चा मुदतीचा कायदा उसनवारीला तीन वर्षं देतो; पुढे धनकोला दावा लावता येत नाही. पण गंमत अशी, की दावा मरतो, कर्ज मरत नाही. १८७२ च्या करार कायद्यातल्या २५ व्या कलमानुसार मुदत संपलेलं कर्ज फेडीन असं ऋणकोनं लिहून सही केली, तर ते वचन पुन्हा बांधून घेतं. बी.कॉम.ला हे कलम मी पाठ केलं होतं ते पाच मार्कांसाठी. ज्याच्यावर कुणी दावा लावू शकत नाही, तो माणूस आपण होऊन पुन्हा सही कशाला करील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर ५० वर्षांचं पाकीट खिशात घेऊन शेजारी बसलं होतं.

अमरावतीत पोचलो. मामांचं कॉलेज १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालं, मग विदर्भ महाविद्यालय झालं, आता शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. ऑटोवाल्याला मात्र व्ही.एम.व्ही.च सांगायचं. विद्यापीठाचंही तसंच. यांच्या पदव्या नागपूरच्या, कारण अमरावती विद्यापीठ झालं १९८३ साली. त्याला आज संत गाडगेबाबांचं नाव आहे. कर्ज काढू नका रे बाप्पाहो, असं कीर्तनातून कंठशोष करून सांगणाऱ्या बाबांच्या नावाचं विद्यापीठ मामांच्या वेळी नव्हतं, ही मामांच्या बाजूनं मांडता येण्यासारखी एकमेव सबब.

हॉलमध्ये तीसेक म्हातारे आणि सात-आठ म्हाताऱ्या होत्या. पहिला अर्धा तास एकमेकांना ओळखण्यात गेला, दुसरा औषधांची नावं सांगण्यात. साखर, प्रेशर, स्टेंट. ज्यांना प्रॅक्टिकलला मीठ आणि साखर ओळखता येत नव्हती, ते आता दोन्ही टाळत होते.

दर्यापूरचे काका कोपऱ्यात बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हसरा चेहरा. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि पाकीट पुढं करून एका दमात म्हणाले, "तुझे ४० रुपये राहिले होते. फॉर्मचे. माफ कर."

"कायचे ४० रुपये बे?" काका म्हणाले. "मले तं काई याद नाई."

मामांनी तारीख सांगितली, खोली सांगितली. काका मान हलवत राहिले. "फारम भरला असता तरी केमिस्ट्रीत गेलोच असतो मी. अन् बरं झालं ना बावा! एक साल गेलं म्हणून मी दोन्ही बॅचचा. पुढच्या साली ७५ वाल्यांचं गेट-टुगेदर आहे, त्याचंही जेवण आहे मले." पाकीट त्यांनी मामांच्याच खिशात कोंबलं आणि वर थोपटलं.

मला वाटलं, मामा सुटले. मामा तर चिडलेले! रात्रभर खोलीत येरझारा. "यादच नाही म्हणतो. मग मी ५० वर्षं कोणाचं देणं लागत होतो?"

मी पडल्या पडल्या विचार करू लागलो. (बँकेत हे करायला वेळ मिळत नाही.) राइट-ऑफ आणि माफी या दोन गोष्टी लोक एकच समजतात. बँक कर्ज राइट-ऑफ करते तेव्हा ते ताळेबंदातून काढते, वसुली चालूच ठेवते. माफी म्हणजे वसुलीही बंद. काकांनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांनी खातंच नव्हतं असं सांगितलं होतं. आणि मामा तरी काय घेऊन गेले होते? मनीऑर्डरीचं नाव त्यांनी काढलं नाही. बेलबॉटमचं तर नाहीच. मुद्दल आणि व्याज पाकिटात होतं, खोटं तेवढं खिशातच राहिलं. शिवाय "माफ कर" म्हणणारा माणूस देत असतो की मागत असतो? १९७४ मध्ये मामांनी या माणसाकडे ४० रुपये मागितले. आता त्याच माणसाकडे ते स्वतःची झोप मागत होते. म्हणजे तारण नसताना दुसरं कर्ज! आमचा साहेब असता तर अर्ज टेबलावरूनच परत केला असता. पण समोरच्यानं ते नाकारलं म्हणावं, की मंजूर केलं म्हणावं, हे मला मध्यरात्रीपर्यंत उमजेना.

रविवारी सकाळी गिला वडा होता. कुणीतरी जुना ग्रुप फोटो आणला होता, काळा-पांढरा, कोपरे खाल्लेला. तो हातोहात फिरत काकांकडे आला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मामांच्या पायांवर बोट ठेवलं.

"बदामी होती ही प्यांट," ते म्हणाले. "लय खुलून दिसे लेकाले. त्या वक्ती ४० ची असन, नाई का रे?"

आणि फोटो पुढं देऊन वडा खाऊ लागले. मामांचा चमचा दह्यातच राहिला.

निघताना दोघं एकमेकांचा हात धरून बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही; बहुधा काहीच बोलले नाहीत.

बडनेरा मागं पडलं तरी मामा गप्प. लोणी आली, विक्रमी डांबर सुरू झालं, तेव्हा म्हणाले, "फोटो काळा-पांढरा होता ना रे?"

"एका खोलीत राहत होता तुम्ही, मामा. प्यांट पाहिली असेल त्यांनी. रंग आठवतो एखाद्याला," मी म्हणालो. हे सांगताना मी रस्त्याकडे बघत होतो.

मामा काही बोलले नाहीत. मूर्तिजापूरची टपरी दिसली तशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. चहा आला. त्यांनी पाकीट काढलं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं.

"७५ वाल्यांचं पुढच्या साली आहे म्हणाला ना तो? त्यांच्यात आपल्याले बसू देतील?"

"काकांचे पाहुणे म्हणून बसू देतील की."

"तोवर व्याज किती होईन?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. "सगळं मिळून २,०२६."

"त्याच्यावर एक रुपया ठेवजो," मामा म्हणाले, आणि बशीत चहा ओतून घेतला.