दोन जीवांच्या बायकांची बैठक

आपल्याकडे गरोदर बाईला माणसांची वानवा कधीच नसते. सासू, आई, आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, डॉक्टर, नर्स, आशाताई, सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष असतं. काय खाल्लंस, किती झोपलीस, जड का उचललंस, ग्रहणात बाहेर का आलीस, अशी रोज हजेरी घेतली जाते. एवढ्या गोतावळ्यात एक माणूस मात्र बहुधा नसतं, ते म्हणजे तिच्यासारखीच पाचव्या किंवा सातव्या महिन्यात असलेली दुसरी बाई. सल्ला देणाऱ्यांपैकी काही जणी यातून कधीकाळी गेलेल्या असतात, काही जण तर कधीच जाणार नसतात. आज, याच महिन्यात, हेच सगळं सोसणारी कुणी जवळ नसते. तिची सोबत आपण हौसेची गोष्ट समजतो. माझं म्हणणं असं की ती आरोग्यसेवेचाच भाग आहे आणि लोहाच्या गोळीइतक्याच गांभीर्याने तिची सोय व्हायला हवी.

अनुभवी बाईचं सांगणं मोलाचं असतं, यात वाद नाही. पण बाळ हाती आलं की आधीचे नऊ महिने आठवणीत गुळगुळीत होऊन जातात. ‘आम्ही तर शेवटच्या दिवसापर्यंत विहिरीवरून पाणी भरलं’ हे वाक्य खरं असतं, पण ते ऐकल्यावर समोरच्या पोरीला पुढे तोंड उघडायची सोय राहत नाही. शिवाय नात्यांची उतरंड आड येते. ‘कधीकधी हे मूल नकोच वाटतं’ असं सासूला सांगता येत नाही. आईला सांगावं तर ती रात्रभर जागी राहणार. नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच मोबाइलवर उपाय शोधायला बसतो. तिला उपाय नको असतो. ‘मलाही असंच होतंय’ एवढं म्हणणारं कुणीतरी हवं असतं.

आपल्या रीतिरिवाजांनी या गोष्टीचा विचार अर्धाच केला. अनेक घरांत तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. नावाप्रमाणेच गुपचूप, चार घरच्या बायकांत. तोवर बाहेर कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. पुढे सातव्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, हातात धनुष्यबाण, आणि पेढा निघतो की बर्फी यावरून मुलगा की मुलगी याचा अंदाज. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी घातली, तरी ताटावर झाकलेल्या वाट्यांमधून तो खेळ आपण हसत हसत चालूच ठेवला आहे. तिसरी मुलगी होईल या धास्तीने जिला झोप नाही, तिने त्या वाटीला हात लावताना कसं हसायचं, हे तिलाच ठाऊक.

गुप्ततेच्या त्या पहिल्या तीन महिन्यांचा हिशोब नीट मांडायला हवा. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 15 टक्के पडतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं. बाई वाकली, जिना चढली, पपई खाल्ली, याचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणजे ज्या काळात धोका सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच काळात आपण तिला गप्प बसवतो. मग गर्भ पडला की जे कुणाला सांगितलंच नव्हतं, त्याचं दुःखही कुणाजवळ करता येत नाही. रजेच्या अर्जावर पोटदुखी असं लिहून ती चार दिवसांनी कामावर हजर होते आणि जिना चढल्याचा दोष आयुष्यभर स्वतःकडे ठेवते. तिच्याच इमारतीत, तिच्याच कचेरीत हेच भोगलेल्या दोघी-तिघी असतात, पण एकीचं दुसरीला माहीत नसतं.

हे मौन महाराष्ट्रात मोजलंही गेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दुखणं घरोघर होतं, पण ते ‘आपलं एकटीचं’ म्हणून प्रत्येकीने अंगावर काढलं होतं. त्याहीआधी, 1863 साली, सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, ते ज्यांना पोटातल्या मुलाबद्दल कुणाजवळ अवाक्षरही काढता येत नव्हतं अशा विधवांसाठी. त्या घराने बाळंतपणाची सोय केली, तशीच न लपता राहण्याचीही केली. गरोदरपणाबद्दल बोलायला सुरक्षित जागा लागते, हे आपल्या समाजाला दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं गेलं आहे.

बोलण्याने नेमकं काय होतं, याचा एक नमुना मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिला. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, त्यामुळे त्या दिवशी बाकड्यावर जागा नसते. दोघी शेजारी बसल्या होत्या, मांडीवर कार्ड आणि पिशवी. एकीने हळूच विचारलं, ‘‘लाल गोळ्या खातीस का गं तू?’’ दुसरी म्हणाली, ‘‘खाते की. पयल्यांदा लई मळमळायचं.’’ मग पहिलीने आवाज आणखी खाली आणला. ‘‘मला काळी शी व्हायला लागली. भ्याले. चुलीत टाकते मी त्या.’’ दुसरी हसली. ‘‘आगं, ती सगळ्यांनाच हुती. रातच्याला जेवल्यावर घे, वर लिंबाचं पानी पी. च्यासंगं नको घिऊ.’’ थोड्या वेळाने पहिलीचा नंबर लागला. दार उघडंच होतं. आतून प्रश्न आला, ‘‘गोळ्या चालू आहेत ना?’’ ती म्हणाली, ‘‘हो.’’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि तरीही सुमारे 46 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असतं. गोळ्या सहा महिने फुकट मिळतात. त्या पोटात का जात नाहीत, हे डॉक्टरांच्या टेबलासमोर कळत नाही, कारण तिथे ‘हो’ म्हणायचं असतं. ते बाकड्यावर कळतं. काळ्या शौचाची भीती बाकड्यावर निघाली आणि तिथेच तिचं निवारणही झालं. त्यासाठी लागली ती फक्त गोळ्या घेणारी दुसरी गरोदर बाई.

अशा बोलण्याला शिस्त लावली तर किती फरक पडतो, हे नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यात तपासलं गेलं. गावातल्याच एका स्त्रीने महिन्यातून एकदा बायकांना जमवायचं आणि बाळंतपणातल्या अडचणींवर चर्चा घडवून आणायची, एवढीच योजना होती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. पुढे झारखंड आणि ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेने हाच प्रयोग आदिवासीबहुल तीन जिल्ह्यांत केला. तिथे भाषण नव्हतं. कुठल्याशा बाईची गोष्ट सांगायची, तिचं बाळ दगावलं म्हणायचं आणि विचारायचं, ‘का?’ ताप आला म्हणून. ‘पण ताप का आला?’ नाळ मळक्या पात्याने कापली म्हणून. ‘पण पातं मळकं का होतं?’ अशी प्रश्नांची माळ ओढत बायका आपल्याच घरापर्यंत यायच्या आणि मग काय करायचं ते स्वतः ठरवायच्या. तीन वर्षांत नवजात मृत्यू 32 टक्क्यांनी घटले. दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं, पण घरच्या बाळंतपणात हात धुतले जाऊ लागले, दोरा उकळला जाऊ लागला. तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य अर्ध्याहून जास्त कमी झालेलं आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकी साधारण 15 टक्क्यांना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. आपल्याकडे त्याला ‘मूड’ म्हणून उडवून लावतात.

या गटांत फक्त गरोदर बायका नव्हत्या, गावातल्या इतरही होत्या. पण भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथल्या सात प्रयोगांचा एकत्रित आढावा 2013 साली घेतला गेला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिथे गरोदर स्त्रियांपैकी निदान 30 टक्के बैठकांना आल्या, तिथे परिणाम मोठा होता.

हा मंत्र सगळीकडे चालतो असं मात्र नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ संस्थेने असाच प्रयोग केला. 2012 साली निष्कर्ष आले आणि नवजात मृत्यूंत फरक आढळला नाही. मला त्याचं फार नवल वाटत नाही. मुंबईत बाळंतपण बहुतेक दवाखान्यातच होत होतं, त्यामुळे मळक्या पात्याचा प्रश्न तिथे नव्हता. शिवाय वस्तीतली कुटुंबं सतत जागा बदलतात. आज बैठकीला आलेली पुढच्या महिन्यात गावी गेलेली असते, आणि विश्वास बसायला तेच चेहरे पुन्हा दिसावे लागतात. शहरात गट बांधायचा तर तो गल्लीभोवती न बांधता दवाखान्याभोवती बांधायला हवा. अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने 1990 च्या दशकात तेच केलं. एकाच महिन्यात बाळंत होणाऱ्या आठ-दहा जणींना एकत्र तपासायला बोलवायचं. त्या स्वतःचं वजन करतात, स्वतःचा रक्तदाब मोजून लिहितात, आणि उरलेला दीड-दोन तास गोलात बसून बोलतात. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं त्यामुळे कमी होतात, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. नंतरच्या आढाव्यांत तो परिणाम तितका पक्का ठरला नाही. पण रांगेत फुकट जाणारा वेळ कामी लावता येतो, हे त्यातून सिद्ध झालं, आणि आपल्या दवाखान्यांत तो वेळ भरपूर आहे.

आता या बोलण्यातला धोकाही सांगायला हवा. गरोदर बायका जमल्या की एक वाक्य हमखास येतं, ‘असं होतंच गं.’ पायात गोळे येतात, होतंच. जळजळ होते, होतंच. उगाच रडू येतं, होतंच. या दोन शब्दांनी जेवढा धीर येतो तेवढा औषधानेही येत नाही. पण हेच दोन शब्द जीवही घेऊ शकतात. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहऱ्यावर सूज आहे, बाळाची हालचाल मंदावली आहे, अंगावरून जातंय, यांतल्या कशालाही ‘होतंच’ म्हणायचं नसतं. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. म्हणून बैठकीत एक जाणकार हवी. नर्स, आशा किंवा दाई, पण तिने शिकवायला बसू नये. कुठल्या तक्रारीला धीर पुरतो आणि कुठलीला गाडी लागते, एवढी रेघ तिने ओढून द्यावी. केशराच्या दुधाने मूल गोरं होतं, अमक्या जावेला टाके कसे पडले, या गप्पाही तिनेच आवराव्यात. सगळ्यांची पोटं सारखी वाढत नाहीत, सगळ्यांना आनंदही सारखा होत नाही, हे गटात कुणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं.

आणि जी बाकड्यापर्यंत पोचतच नाही, तिचं काय? बीडहून कोयता घेऊन निघालेली ऊसतोड करणारी बाई दिवाळीच्या आसपास गाव सोडते. कार्डावर तिच्या गावच्या आशाचं नाव असतं आणि ती असते दोन-तीन जिल्हे पलीकडे, फडावर, कोपीत. तिच्याभोवती बायका पुष्कळ असतात, पण उचल फेडायची असल्याने बसून बोलायला कुणालाच उसंत नसते. याउलट राज्याच्या आदिवासी भागात माहेरघर योजनेत दूरच्या पाड्यावरच्या बाईला बाळंतपणाआधीच आरोग्य केंद्राजवळ राहायला आणतात. तिथे चार गावच्या दिवस भरत आलेल्या बायका एका अंगणात वाट पाहत बसतात. बैठक तिथे आधीच जमलेली आहे, फक्त ती कुणी घेत नाही. साखर कारखान्यांनी गाळप हंगामात तळावर अशी एक बैठक आणि एक नर्स पुरवली, तर तो उपकार नव्हे, कर्तव्य ठरेल.

याला नवी इमारत लागत नाही. नऊ तारखेला लोक जमतातच. बाळंतपणाच्या महिन्यांनुसार गट करायचे, सतरंजी अंथरायची, नंबर येईपर्यंतचा अर्धा तास नर्सने गोलात बसायचं, आणि गर्भ पडलेल्या बाईलाही पुढच्या बैठकीचं बोलावणं न विसरता धाडायचं. खासगी प्रसूतिगृहांच्या गार खोल्यांतही खुर्च्या एकमेकींकडे वळवता येतील. सरकारने हे करावं यासाठी लिहावं, बोलावं, पाठपुरावा करावाच. पण वाचकांना त्याची वाट पाहायची गरज नाही. घरात कुणी गरोदर असेल, तर पुढचा सल्ला देण्याआधी तिच्याच महिन्यातली दुसरी बाई ओळखीपाळखीत शोधा, दोघींची गाठ घालून द्या, चहा ठेवा आणि तिथून उठून जा.