विमानतळावर, सावकाश

फलटणला विमानतळ आहे, पण तिथून प्रवासी विमानं सुटत नाहीत. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी मात्र तिथे मुक्कामाला येते. मनाने तिथेच जाऊन बसा. पालखी बरडकडे गेली आहे, मैदान मोकळं आहे. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

वरून विमान चाललंय असं समजा. आवाज जिथून येतोय तिथे ते नाही. १० किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात ते सातएक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. नुसत्या अंतराने पाहिलं तर ते शेजारच्या तरडगावापेक्षा जवळ आहे. पण तरडगावात आपली सोयरीक असते. वरच्या दीडशे-दोनशे जणांतलं कोणीच आपल्या ओळखीचं नाही. या जवळ-लांबवर थोडं रेंगाळा.

आता आळंदी ते पंढरपूर हे अंतर घ्या. पायी सुमारे २५० किलोमीटर. पालखीला अडीच-तीन आठवडे लागतात, विमान तेवढं अंतर वीसएक मिनिटांत कापेल. लगेच निवाडा करू नका. नुसतं पोचायचंच असतं तर वारकऱ्याने एसटी धरली असती.

मग लांबचं अंतर. घरातलं कोणी परदेशात असेल तर तिथलं घ्या, नसेल तर मुंबई ते लंडन. पृथ्वीच्या गोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणला तर तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते. ती मनातल्या मनात हळूहळू ओढा. जाताना नऊ-दहा तास, येताना त्याहून तासभर कमी. अंतर तेच, पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो जाताना अंगावर घ्यावा लागतो आणि परतताना पाठीशी असतो.

हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. दुपारी दोनला मुंबईहून उडालेला मुलगा दहा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. फलटणला मध्यरात्र झालेली असते आणि ‘पोचलो’ एवढ्या एका शब्दासाठी आई जागी असते. तिच्यापाशी जरा थांबा. तिचे तास तिकिटावर नाहीत. ते दोनला सुरू झाले, की तो उंबरा ओलांडून गेला तेव्हाच?

तिकीट विमानतळापासून विमानतळापर्यंतच मोजतं. पुणे–दिल्ली हवेतून दोन-सव्वादोन तास. पण फलटणहून लोहगावच्या विमानतळावर गाडीने तीनएक तास, वर दोन तास आधी हजेरी. विमानाच्या दारात पाय ठेवेपर्यंतच दुप्पट वेळ गेलेला असतो. हा वेळ आपण वायाच धरतो, आणि मला ते पटत नाही.

पुढच्या खेपेला कोणाला सोडायला निघाल, तेव्हा काचेबाहेर बघा. तरडगाव, लोणंद, नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड. पालखीचीच वाट, फक्त उलटी. एकेक गाव येईल तसं मनात म्हणा, पुढच्याची घाई करू नका. दिवे घाट उतरू लागलात की पुणे समोर येईल, आणि मागच्या सीटवर कोणीतरी पुन्हा एकदा बॅग उघडून ओळखपत्र घेतलंय ना ते बघेल.