ठण्ण आणि ठप्प

वाणिज्य शाखेचा पदवीधर सहसा उधळपट्टी करत नाही. आणि केलीच तर तिला भांडवली खर्च म्हणतो. माझ्या मारुती ८०० मध्ये मी नवा स्टिरिओ बसवला तो याच सदराखाली.

गाडी २००६ सालची, माझ्याकडे आली ती तिसऱ्या हाताला. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि शेवटची २०१४ च्या जानेवारीत तयार झाली. माझी मधल्या कुठल्या तरी दुपारी, जेवणाची सुट्टी जवळ आलेली असताना जुळवली असावी. कुरुंद्याहून वसमतच्या शाखेत मी रोज तिच्यातून जातो. दारं एक बोलतात, छत दुसरंच बोलतं आणि डिकी दोघांनाही दुजोरा देते. नव्या स्टिरिओवर मी उस्ताद झाकीर हुसेन लावले. गाव सुटेपर्यंत तबला ऐकू आला. पुढं आवाज वाढवला तसतशी दारंच लग्गी वाजवायला लागली.

नांदेडच्या मिस्त्रीनं दारावर बोटाचं पेर आपटलं. ठण्ण!

"साहेब, टेप बरा हाय. गाडीच गाऊ लालीय."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पातळ पत्रा म्हणजे ताशाच. इंजिन आणि रस्ता त्याला थरथरवतात, की तो वाजतो. त्याच्यावर ब्युटिल रबराचा चिकट थर बसवायचा, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा कागद. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि थरथरीतला जोर किंचित उष्णता होऊन तिथंच जिरतो. सगळा पत्रा मढवावा लागत नाही; मधला पाव भाग झाकला तरी बरंच काम होतं, पुढच्या प्रत्येक तुकड्याला लाभ कमी कमी होत जातो. घटत्या फलाचा हा सिद्धांत मी बी. कॉम.ला पाठ केला होता. तो आयुष्यात प्रथमच उपयोगी पडणार होता, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि सबंध गाडी मढवून घेतली. साडेआठ हजार रुपये. सीट काढल्यावर आतून भुईमुगाची टरफलं, दोन पेन्सिली आणि माझाच हरवलेला शाखेचा रबरी शिक्का निघाला, हा वसूल.

मिस्त्रीनं पुन्हा पेर आपटलं. ठप्प.

डेसिबलचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा असतो. दहा डेसिबल उतरले की आवाजाची शक्ती दहाव्या हिश्शावर येते, पण कानाला वाटतं, निम्माच झाला. मला तेवढं पुरेसं होतं. फक्त मोठे आवाज गेल्यावर त्यांच्यामागं दडलेले लहान पुढं आले: कप्प्याचं झाकण, पट्ट्याची कडी, खिशातल्या किल्ल्या. काउंटरवरचा मोठा शेठ हलला की मागून पासबुकं पुढं येतात, तसे. मी फोम लावून त्यांचीही तोंडं बंद केली.

खरं सांगायचं तर झाकीर हुसेन हे निमित्त होतं. घरी आई हाका मारते, बँकेत खातेदार. काउंटरच्या काचेला निदान भोक असतं. गाडीच्या काचेला तेही नव्हतं. सकाळी बँकेत जाण्याआधी घरासमोर उभ्या गाडीत काचा लावून अर्धा तास बसायची मला सवय लागली.

आता, हे करायला मी गाव कोणतं निवडलं पाहा. वसमत, औंढा, कळमनुरी या भागात गेली काही वर्षं जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्काही बसला होता. किल्लारीची १९९३ ची पहाट आठवणारी माणसं इथं आधी अंगण गाठतात, मग काय झालं ते विचारतात.

१० जुलैला सकाळी सव्वासातला मी गाडीत डोळे मिटून बसलो होतो. डग्ग्यावर अशी काही घुमक आली की सीटसकट मी हललो. मनात म्हटलं, पैसे फिटले!

डोळे उघडले तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती. पुन्हा ४.५. शेजारच्या काकूंनी आणि माझ्या बायकोनं आईला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं होतं. आई गाडीकडे हात करून काहीतरी बोलत होती. तोंड हलताना दिसत होतं. काच खाली केल्यावर कळलं, ती माझंच नाव घेत होती.

आईला दाराची बेल ऐकू येत नाही. म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात; खर्ज उशिरापर्यंत टिकतो. जमीन गुरगुरली ती तिला बाजेवर बसल्या बसल्या कळली. चांगल्या कानांचा मुलगा मात्र तबल्याला दाद देत होता.

कुणाचंही काही बिघडलं नाही. तरी दिवसभर बेरजा चुकल्या. बहिरा असणं हा गुन्हा नाही. पण बहिरं होण्यासाठी साडेआठ हजार मोजून पावती घेणं? गांधीजींचं दुसरं माकड कानांवर हात ठेवतं, ते वाईट ऐकू नये म्हणून. पण कानांवर हात असताना येणारं वाईट आहे की चांगलं, हे त्याला कसं कळतं? रबराला तर काहीच कळत नाही. ते ट्रकचा आवाज जिरवतं तसा आईचाही. दुसरीकडे, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेणाऱ्या कारकुनाला अर्ध्या तासाची शांतता नको का? हवी. मला अजूनही हवी आहे. खतावणीच्या दोन्ही बाजू काही केल्या जुळेनात.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं संध्याकाळी एवढंच विचारलं, "गाणं चांगलं होतं का रे?"

पुढच्या आठवड्यात तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. गाडीत बसल्यावर तिनं दारावर हात फिरवला.

"हिला काय केलंस? पहिले धडधड वाजायची. तू वळणावर आलास की मला बाजेवर कळायचं. मग मी चहा टाकायला सांगायचे."

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "चिकटलेलं आता निघायचं नाही, साहेब."

तेव्हापासून मी वळणावर हॉर्न देतो. तो सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आईला सोडून.